काचेवरचे थर: नवा चष्मा आणि गॉगल करून घेतानाचे तीन महिने

डिसेंबर संपता संपता एका रात्री ओल्या रस्त्यावरून गाडी चालवत घरी येत होते. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती पांढरी पिसं फुटल्यासारखी दिसत होती. गाडी कडेला घेतली, चष्मा पुसला, पुन्हा घातला. काही फरक नाही. घरी पोचल्यावर टेबलावरच्या दिव्याखाली काच तिरपी धरली, तेव्हा कळलं. दोन्ही काचांवर बारीक तड्यांचं जाळं पसरलं होतं, कोळिष्टकासारखं. नखाला लागत नव्हतं, पुसून जात नव्हतं.

हे जाळं कशामुळे होतं ते मला नंतर समजलं. आपण ‘काच’ म्हणतो खरं, पण चष्म्यात आता बहुतेक वेळा प्लास्टिकच असतं. त्यावर चकाकी कमी करणारा जो थर चढवतात तो मात्र काचेसारखा कडक. उष्णतेनं प्लास्टिक जास्त फुगतं, थराला तेवढं फुगता येत नाही, आणि तो तडकतो. माझा चष्मा कित्येक दुपारी बंद गाडीत, पुढच्या काचेखाली पडून असायचा. तिथेच त्याचं आयुष्य संपलं होतं. थर एकदा असा तडकला की दुरुस्त होत नाही. काचाच बदलाव्या लागतात.

नवा चष्मा करायचाच आहे तर नीट समजून करू, आणि इतकी वर्षं टाळलेला नंबरचा गॉगलही करून घेऊ, असं ठरवलं. सगळं पार पडायला तीन महिने लागले. यातला बराच काळ वाचता आला असता, म्हणून तपशिलात लिहिते आहे.

पहिलं काम डोळे तपासण्याचं. रात्री दिवे फुटून दिसण्याला मोतीबिंदूपासून कोरड्या डोळ्यांपर्यंत बरीच कारणं असतात, त्यामुळे दोष काचेवर ढकलण्याआधी डॉक्टरांकडे जाणं भाग होतं. ११ जानेवारीची वेळ मिळाली. सव्वा तास थांबावं लागलं. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यामुळे पुढचे चार-पाच तास वाचता येईना आणि उजेड सहन होईना. या तपासणीला स्वतः गाडी चालवत जाऊ नका, आणि असेल तो गॉगल बरोबर ठेवा. डोळे ठीक निघाले, थोडे कोरडे होते एवढंच. नंबर उजव्याला उणे ५.७५, डाव्याला उणे ५.२५, दोन्हीकडे थोडा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा जास्तीचा नंबर. दोन बाहुल्यांमधलं अंतरही मी कागदावर लिहून मागितलं. प्रत्येक डोळ्याचं वेगळं. नंबर मोठा असेल तर काचेचा मध्य एखाददुसरा मिलिमीटर सरकला तरी डोळ्यांवर ताण येतो.

१३ जानेवारीला एका दुकानात गेले. तिथल्या माणसानं एक छापील कागद पुढे ओढला. त्यावर अकरा चौकोन होते: हार्ड कोट (चरे टाळणारा), अँटी-रिफ्लेक्शन (चकाकी कमी करणारा), यूव्ही, ब्लू कट (निळा उजेड अडवणारा), पाणी न धरणारा थर, तेल न धरणारा थर, धूळ न धरणारा थर, ऊन पाहून रंग बदलणारी काच, आणि असंच बरंच. मी नंबर सांगितला मात्र, त्यानं नऊ चौकोनांत खुणा केल्या. “एवढ्या मोठ्या नंबरला सगळं लागतं,” म्हणाला. काचांचा आकडा फ्रेमच्या साडेतीनपट झाला. माझ्या घशाला कोरड पडली. डोळ्यांचा प्रश्न असला की नाही म्हणताना आपण काहीतरी धोका पत्करतो आहोत असं वाटतं, आणि त्या भीतीपोटी माणूस हो म्हणतो. मी फक्त एवढंच केलं की तो कागद आकड्यांसकट मागून घेतला आणि उद्या सांगते म्हणून निघाले. तीन महिन्यांतला माझा सगळ्यात उपयोगी निर्णय हाच.

पुढचा आठवडा संध्याकाळी वाचनात गेला. वाचता वाचता त्या नऊ खुणा हळूहळू एकमेकींत मिसळायला लागल्या.

यूव्हीचंच घ्या. अतिनील किरण अडवणं महत्त्वाचं आहेच. पण पॉलिकार्बोनेट काच मुळातच ३८० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते, आणि जास्त अपवर्तनांकाच्या (काचेचं द्रव्य उजेड किती वळवतं तो आकडा), म्हणजे १.६० किंवा १.६७ वगैरे पातळ काचांच्या मूळ द्रव्यातच ही सोय बहुधा असते. वेगळा यूव्ही थर विचारात घ्यायचा तो साध्या, १.५० च्या प्लास्टिकला. त्या कागदावर मला १.६७ ची काच लावून वर यूव्हीचे पैसे वेगळे धरले होते. हार्ड कोटचंही तसंच. चांगला अँटी-रिफ्लेक्शन थर हार्ड कोटवरच बसवतात, खाली तो नसेल तर वरचा टिकणार नाही. पाणी, तेल आणि धूळ न धरणारे तीन चौकोन म्हणजे बहुतेक वेळा त्याच थराच्या अगदी वरचा एक निसरडा पापुद्रा. म्हणजे मला दाखवलेल्या नऊ गोष्टींपैकी यूव्ही काचेतच होता, आणि आणखी पाच मिळून खरं तर एकच वस्तू होती, अँटी-रिफ्लेक्शन थर.

ही वस्तू काय करते हे समजल्यावर मला तिच्याबद्दल आदर वाटायला लागला. उजेड काचेवर पडला की थोडा परत फिरतो. साध्या प्लास्टिकच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के. काच जितकी पातळ, म्हणजे अपवर्तनांक जितका जास्त, तितकं हे प्रमाण वाढतं. १.६७ ला एका पृष्ठभागावर ६ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे दोन्ही बाजू धरून १२ टक्के उजेड वाया. आणि तो नुसता वाया जात नाही. काचेच्या आतल्या आत उलटून एकाच दिव्याच्या दोन प्रतिमा करतो. मागून येणारा उजेड काचेच्या आतल्या बाजूवर आपटून थेट डोळ्यात शिरतो, तो वेगळाच. यावरचा उपाय म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतके पातळ थर चढवायचे. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात आणि उजेड पुढे जातो. कार्ल झाइसमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली याचं पेटंट घेतलं, ते भिंगांसाठी. आता निर्वात पेटीत असे अनेक थर एकावर एक बसवतात आणि ९९ टक्क्यांच्या आसपास उजेड आरपार जातो. म्हणून पातळ काच घेणाऱ्यानं बाकी काही सोडलं तरी हा थर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

१७ जानेवारीला दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या ऑप्टिशियन बाईंनी नंबरचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “दिवसभरात तुम्ही काय काय बघता?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, “दोन आठवडे एक वही ठेवा. डोळ्यांना त्रास झाला की कुठे, किती वाजता आणि कसल्या उजेडात ते लिहा. मग या.”

मी वही ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे. रात्री समोरचे दिवे: सहा नोंदी. संध्याकाळी घरी येताना उतरतं ऊन आणि रस्त्याची चकाकी: पाच. कामाच्या जागी पाठीमागच्या खिडकीचं प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूला: चार. दुपारी चारनंतर डोळे चुरचुरणं: जवळजवळ रोज. उन्हात चालताना त्रास: फक्त एकदा. एका पानात माझी सगळी गरज मावली होती. छापील कागदावरच्या अकरा चौकोनांतून ती मला कधी सापडली नसती.

चुरचुरण्यावर ब्लू कट घ्यावा का, यावर मी बराच विचार केला. माझं काम छपाईआधी रंग तपासण्याचं, त्यामुळे दिवस पडद्यापुढे जातो. ओळखीतले अनेकजण निळा उजेड अडवणाऱ्या काचा वापरतात आणि त्यांना बरं वाटतं, यावर मला शंका घ्यायची नाही. पण २०२३ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. त्यात १७ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, आणि पडद्यापुढे बसून डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी कमी होत असल्याचं निदान थोड्या काळाच्या वापरात तरी दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही संगणकासाठी असे खास चष्मे सुचवत नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं त्याच्याशी हे जुळत होतं: पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. त्यांनी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीस फुटांपलीकडे बघायला सांगितलं. शिवाय ब्लू कट काचेत पांढरा रंग किंचित पिवळट दिसतो, आणि माझ्या कामात ते चालणारच नाही. तो चौकोन मी खोडला.

रंग बदलणाऱ्या काचेचा मोह मात्र मोठा होता. एकच चष्मा, आत पारदर्शक, बाहेर गॉगल. बाईंनी वाद घातला नाही, एक नमुन्याची काच हातात दिली. तिच्या अर्ध्या भागावर कागद धरून मी उन्हात उभी राहिले. अर्ध्या मिनिटात उघडा भाग गडद झाला, आत आल्यावर निवळायला मात्र कितीतरी मिनिटं लागली. मग तीच काच घेऊन गाडीत बसले, पुढच्या काचेतून ऊन येत असताना. पाच मिनिटांनी बघितलं तर जवळपास कोरी. या काचा अतिनील किरणांनी गडद होतात आणि गाडीची पुढची काच नेमके तेच अडवते. कडक उन्हाळ्यात त्या थंडीतल्याइतक्या गडद होत नाहीत, हेही बाईंनी सांगितलं. दिवसभर आत-बाहेर करणाऱ्याला त्या उत्तम. माझ्या वहीतला त्रास गाडीतला होता.

मग काच किती पातळ घ्यायची. मी जाड कडांना इतकी वर्षं लाजत आले आहे की सगळ्यात पातळ, १.७४ चीच घ्यायची असं मनाशी ठरवून गेले होते. बाईंनी कागदावर हिशेब मांडला. माझ्या जुन्या मोठ्या फ्रेममध्ये १.६० ची काच कडेला साधारण ५.३ मिलिमीटर भरेल. लहान, गोलसर फ्रेम घेतली तर तीच काच ४ मिलिमीटर. त्या लहान फ्रेममध्ये १.७४ टाकली तर साडेतीन. फ्रेम बदलून सव्वा मिलिमीटर वाचत होता, आणि महाग काचेनं अर्धा. शिवाय काचेचा आणखी एक आकडा असतो, अ‍ॅबे नंबर. तो जितका कमी तितके कडेनं बघताना दिव्यांना रंगांचे काठ दिसतात. साध्या प्लास्टिकचा ५८, १.६० चा ४१-४२, १.६७ आणि १.७४ चा ३२-३३, पॉलिकार्बोनेटचा ३०. माझी जुनी काच १.६७ ची होती. पांढऱ्या कागदाच्या कडेला दिसणारी निळी-नारिंगी रेघ मी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांचा दोष समजत होते. पॉलिकार्बोनेट खेळणाऱ्या मुलांसाठी आणि धोक्याच्या कामासाठी घ्यावं, कारण ते सहज फुटत नाही. मी १.६० घेतली.

२ फेब्रुवारीला ऑर्डर दिली: लहान फ्रेम, १.६० ची काच, हार्ड कोट आणि निसरड्या पापुद्र्यासकट अँटी-रिफ्लेक्शन, दोन्ही बाजूंनी. पावतीवर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून घेतली. काच आठ दिवसांत येईल म्हणाले, तेरा दिवस लागले. तोवर तडकलेल्या चष्म्यावर दिवस काढले आणि रात्रीची गाडी बंद ठेवली.

१५ फेब्रुवारीला चष्मा घातला आणि समोरचा पांढरा कागद सायीच्या रंगाचा दिसला. दिव्याखाली काच तिरपी केली तर प्रतिबिंब ठळक निळं. मी काचांची पाकिटं मागितली. काचेचं द्रव्य, नंबर आणि थर त्यावर छापलेले असतात. त्यावर निळा उजेड अडवणारा प्रकार लिहिला होता. पाठवताना कोड चुकला होता. पावतीवर काय मागितलं ते स्पष्ट असल्यामुळे बोलाचाली झाली नाही, काचा विनामूल्य बदलून मिळायच्या होत्या, पण आणखी नऊ दिवस गेले. त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना मला रडू आलं होतं. आपण नको तितकं खोलात शिरलो का असं वाटत राहिलं. आज वाटतं, पाकीट बघितलं नसतं तर त्या पिवळटपणाचीच सवय झाली असती आणि कामात चुका कुठून येतात ते कळलं नसतं.

काच हातात आली की दोन मिनिटं द्या. ट्यूबलाइटखाली धरा. प्रतिबिंब पांढरंशुभ्र दिसलं तर थर नाही, मंद आणि हिरवट किंवा जांभळट दिसलं तर आहे. आतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू बघा. नंबर यंत्रावर आपल्यासमोर तपासून घ्या. पाकिटं घरी आणा.

२४ फेब्रुवारीला बरोबर काचा आल्या. त्या रात्री मुद्दाम त्याच रस्त्यानं गेले. दिवे दिव्यांसारखे दिसत होते. समोरच्याचा हेडलाइट डोळ्यावर आला की अजूनही दिपतं, आणि कुठलाच थर ते पूर्ण थांबवू शकत नाही. पण ती पिसं गेली होती, दिव्याशेजारचा दुसरा पुसट दिवा गेला होता. हात स्टिअरिंगवर सैल पडले, तेव्हा जाणवलं की दोन महिने आपण ते किती घट्ट धरत होतो. रात्रीसाठी पिवळ्या काचांचे चष्मे विकतात, तेही मला कुणी सुचवले होते. सिम्युलेटरवर केलेल्या एका अभ्यासात त्यांनी पादचारी लवकर दिसायला मदत झाली नव्हती, आणि रात्री मुळात कमी असलेला उजेड आणखी कमी करणं मला पटत नाही.

गॉगलचं काम मार्चमध्ये घेतलं, आणि वही असल्यामुळे ते सोपं गेलं. नोंद होती रस्त्याच्या चकाकीची आणि उतरत्या उन्हाची. आडव्या पृष्ठभागावरून, म्हणजे पाणी, रस्ता, गाडीचं बॉनेट यांवरून परतणारा उजेड बराचसा एकाच दिशेत कंप पावतो. पोलराइज्ड काच नेमकी तीच दिशा अडवते. नुसती गडद काच सगळंच गडद करते, चकाकीसकट. दोन्ही एकापाठोपाठ लावून रस्त्याकडे बघितलं की सांगायला कुणी लागत नाही. तोटाही समजून घ्या: मोबाइल आडवा धरला की पडदा काळा पडू शकतो, आणि काही गाड्यांतले पडदेही तसेच होतात. म्हणून मी नमुन्याचा गॉगल लावून माझ्या गाडीत बसून पाहिलं. माझा पडदा दिसत होता. वैमानिकांना याच कारणासाठी पोलराइज्ड काचा वापरू नका असं सांगतात.

गडदपणाच्या ० ते ४ अशा श्रेणी असतात. ३ मध्ये ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, उन्हासाठी ती पुरते. ४ गाडी चालवताना वापरायची नसते. राखाडी आणि तपकिरी, दोन्ही रंग दुकानाबाहेर दहा-दहा मिनिटं लावून हिंडले. तपकिरीत रस्त्याचे उंचवटे जास्त उठून दिसत होते, पण झाडाचं पान वेगळंच वाटत होतं. मला रंग जसेच्या तसे हवेत, म्हणून राखाडी. आरशासारखा थर दिसायला छान असतो, पण त्यावर चरे लवकर पडतात. सोडून दिला. आतल्या बाजूला मात्र अँटी-रिफ्लेक्शन घेतलं, कारण गडद काचेत मागचा उजेड आणि आपलाच डोळा जास्त ठळक उमटतो.

त्याच वेळी घरातला एक जुना, बिननंबरचा गॉगल बरोबर नेला होता. दुकानात अतिनील किरण मोजण्याचं छोटं यंत्र असतं, पैसे न घेता तपासून देतात. त्या काळ्याभोर काचेतून किरण बरेच आत येत होते. अशा काचेमागे अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणांना जास्त वाट मिळते. माझ्या मुलीनं तो दोन वर्षं वापरला होता. मी तो तिथेच ठेवून आले. काच किती काळी दिसते यावरून काही ठरवू नका, तपासून घ्या.

गॉगल १२ मार्चला सांगितला, २६ मार्चला आला. खर्चाचं सांगायचं तर चष्मा आणि गॉगल या दोन्हींच्या काचा मिळून पहिल्या दुकानातल्या एका चष्म्याच्या काचांच्या सव्वापट पैसे लागले. लहान रक्कम नव्हे, पण कशाला किती दिले ते मला सांगता येतं.

आता रोज सकाळी काचा आधी नळाखाली धरते, म्हणजे धुळीचे कण निघून जातात, मग भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक थेंब, गरम नव्हे, साधं गार पाणी, आणि मायक्रोफायबरचं कापड. कपड्याच्या टोकानं कोरडं पुसणं बंद केलं. खिडक्या पुसायचा अमोनियावाला फवारा थराला चालत नाही. गाडीतून उतरताना चष्मा किंवा गॉगल डबीत जातो आणि डबी माझ्या पिशवीत. थराची हमी दोन वर्षांची आहे. काचांची पाकिटं, पावती आणि ती वही एकाच फाइलमध्ये ठेवली आहे. १४ एप्रिलला आईची तपासणी आहे. तिला वही आत्ताच देऊन ठेवली आहे, आणि पहिल्या पानावर तिनं लिहिलं आहे: ‘सकाळी सात, देवघरातला दिवा, दोन दिसतात.’